दाढेसाठी घेतलेली गोळी पोटावर का आली

डिचोलीहून एका सुनेने सासूबाईंसाठी विचारलं आहे. सासूबाईंचं वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. किडलेली दाढ काढली, गालावर सूज होती म्हणून दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची ६२५ ची गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पोट सुटलं. दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतंय, मळमळ आहे, जेवण जात नाही. ताप नाही, रक्त पडत नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "गोळ्या उष्ण पडल्या, बंद करा." घरातल्या कुणीतरी फार्मसीतून जुलाबाच्या गोळ्या आणल्या, पाकिटावर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल लिहिलेलं आहे. त्या अजून दिलेल्या नाहीत. त्या द्याव्यात का, दही चालेल का, कोर्स अर्धवट सोडला तर काय होईल आणि किती दिवस वाट पाहायची, असे त्यांचे प्रश्न.

सूनबाई, त्या नव्या गोळ्या देण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. त्या देऊ नका. त्या पाकिटात दोन औषधं आहेत आणि दोन्ही जंतू मारणारीच आहेत. एका अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणू मेले म्हणून पोट सुटलं, त्यावर आणखी दोन देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. फोंड्यात गेली अठ्ठावीस वर्षं मी जनरल प्रॅक्टिस करते आहे आणि पोट सुटलं की याच जोडगोळीचं पाकीट हातात घेऊन आलेली माणसं मी जवळजवळ रोज बघते. बहुतेकांना ते कुणी लिहून दिलेलं नसतं.

दुसरं काम, आजच दंतवैद्यांना फोन करा. "तिसऱ्या दिवसापासून चार-पाच वेळा जुलाब, ताप नाही, रक्त नाही, रक्तदाबाची गोळी चालू" एवढं एका दमात सांगा. सूज उतरली असेल तर ते कदाचित गोळी इथेच थांबवतील, नाहीतर साधं अमॉक्सिसिलिन देतील. तो निर्णय त्यांचा, कारण गालाची सूज त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, मी नाही.

आता हे का झालं ते सांगते. कारण कळलं की पुढचं बरंच काही आपोआप कळतं.

काकींच्या "उष्ण पडल्या" या बोलण्याला मी नावं ठेवणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाहिलेलंच त्या सांगतात: ही गोळी घेतली की तोंड येतं, पोटात जळजळ होते, शौचाला पातळ होतं. निरीक्षण खरं आहे, कारण मात्र वेगळं आहे. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोही भरत नाही. भाजीतला चोथा आणि न पचलेला स्टार्च आंबवून ते छोटी आम्लं तयार करतात, आणि त्या आम्लांवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. त्यांच्याच मदतीने आतडं पाणी आणि मीठ परत शोषून घेतं. अँटिबायोटिकला दाढेचा जंतू कोणता आणि आतड्यातला कोणता हे ओळखता येत नाही. ते रक्तातून सगळीकडे जातं आणि काही भाग सरळ आतड्यातच राहतो. आंबवणारे जिवाणू कमी झाले की न पचलेली साखर तशीच पडून राहते आणि पाणी धरून ठेवते. पित्तातल्या आम्लांवर जिवाणू जी प्रक्रिया करतात तीही अडते, आणि ती आम्लं मोठ्या आतड्याला पाणी सोडायला लावतात. म्हणून शौचाला पातळ, फेसाळ, वायू सरून होतं. याला संसर्ग म्हणता येत नाही. आतड्यातलं रोजचं काम बंद पडलेलं असतं, एवढंच.

अशा प्रकारचा जुलाब औषध संपलं की बहुधा दोन-चार दिवसांत थांबतो. औषध कोणतं यावर अवलंबून, शंभरातल्या पाच ते तीस माणसांना तो होतो. म्हणजे सासूबाईंना काही जगावेगळं झालेलं नाही.

त्यातही त्यांच्या गोळीचं एक खास कारण आहे. ६२५ म्हणजे ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनेट. पोट बिघडवण्यात मोठा वाटा या क्लॅव्ह्युलॅनेटचा असतो, ते आतड्याची हालचाल वाढवतं. म्हणून ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. जेवण होऊन तासाभराने नाही, रिकाम्या पोटी चहाबरोबर तर नाहीच. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ६२५ मिळाली नाही म्हणून ३७५ च्या दोन गोळ्या घेतल्या तर ती बरोबरी होत नाही. ३७५ मध्येही क्लॅव्ह्युलॅनेट १२५ च असतं, दोन घेतल्या की ते २५० होतं आणि पोट हमखास सुटतं. गावात एखाद्या फार्मसीत "हीच दोन घ्या" असं सांगितलं तर नको म्हणा.

प्रत्येक अँटिबायोटिकचं पोटाशी वाकडं वेगळ्या पद्धतीचं असतं. एरिथ्रोमायसिन आतड्यातल्या मोटिलिन नावाच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रिकाम्या पोटी आतडं आवळायला लावणारं हे संप्रेरक, म्हणून गोळी पोटात गेल्यावर पिळवटून कळ येते, उलटी होते. ॲझिथ्रोमायसिनही त्याच कुळातलं, पण बरंच सौम्य. मेट्रोनिडाझोलने जीभ तांब्याचं नाणं चघळल्यासारखी होते. लोक येऊन "तोंडाक रूच ना" म्हणतात तेव्हा मी आधी आमांशाच्या गोळ्यांबद्दल विचारते. या गोळ्यांवर आणि त्यांच्या बहिणीवर, टिनिडाझोलवर, दारू घेऊ नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अलीकडे त्या सल्ल्यामागचा पुरावा कच्चा आहे असं काही तज्ज्ञ म्हणतात. माझं मत तरीही ठाम आहे: काजूचा हंगाम असो, उराक ताजा असो, गोळ्या चालू असेपर्यंत आणि संपल्यावर तीन दिवस एक घोटही नको. उलट्या आणि छातीत धडधड घेऊन आलेली माणसं मी मार्च-एप्रिलमध्ये पाहिली आहेत.

डॉक्सिसायक्लिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पावसाळ्यात आमच्याकडे ते फार लागतं. शेतात, चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो (उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो आणि त्यावर हे औषध उत्तम आहे. पण त्याची कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम करते. सत्तरीतली एक शेतकरी बाई एका पहाटे छाती धरून आली. हृदयविकाराचा झटका आला असं घरच्यांना वाटलं होतं, मलाही क्षणभर तेच वाटलं. ईसीजी नीट होता. विचारल्यावर कळलं, रात्री कामं उरकून, दिवा मालवता मालवता घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल घेतली होती आणि लगेच आडवी झाली होती. गिळताना आठ दिवस तिला त्रास झाला. तेव्हापासून डॉक्सिसायक्लिन लिहिताना कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिते: जेवणानंतर, पूर्ण पेला पाणी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन यांचं वेगळंच. ती दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा पित्ताच्या पांढऱ्या औषधाबरोबर घेतली की त्यांनाच चिकटून बसतात आणि रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. तेव्हा "अँटिबायोटिक आहे ना, मग भरपूर दही खा" हा सल्ला या गोळ्यांच्या बाबतीत वेळ पाहून पाळायचा. गोळी आधी, दही-दूध निदान दोन तासांनी. सासूबाईंच्या गोळीला ही अडचण नाही.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर मी एवढं लिहायला बसले.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत साठीच्या आसपासचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. तीन दिवस जुलाब, पोटात मुरडा, थोडा ताप. पावसाचे दिवस होते, विहिरीचं पाणी गढूळ झालं असेल असं मी धरून चालले. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, जुलाब थांबवायला लोपेरमाइड दिलं. दोन दिवसांनी त्यांना उचलून आणलं. पोट फुगून टणक झालं होतं, लघवी जवळजवळ बंद. मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरने मी न विचारलेला प्रश्न विचारला: "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत दुसरं कुठलं औषध घेतलं होतं?" पायाच्या जखमेसाठी तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला होता. दुसऱ्या डॉक्टरांकडून, दुसऱ्या दुखण्यासाठी. त्यांना ते सांगावंसं वाटलं नाही, कारण पायाचा पोटाशी काय संबंध? आणि मी विचारलं नाही. त्यांना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, झाला होता. ते वाचले, पण घरी यायला महिना लागला. ती चूक माझी होती. त्यानंतर जुलाब घेऊन आलेल्या एकाही माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय मी औषध लिहिलेलं नाही.

या लांबलचक नावाच्या जिवाणूला डॉक्टर सी-डिफ म्हणतात. तो १९३५ मध्ये नवजात बाळांच्या शौचात पहिल्यांदा सापडला आणि बाळं तर ठणठणीत होती. क्लिंडामायसिननंतर होणारा गंभीर कोलायटिस याच्यामुळे होतो हे कळायला १९७८ उजाडलं. काही माणसांच्या आतड्यात तो एका कोपऱ्यात पडून असतो, बाकीचे जिवाणू त्याला डोकं वर काढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते शेजारी गेले की त्याला रान मोकळं मिळतं. मग तो दोन विषं सोडतो, आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होतात. कुठल्याही अँटिबायोटिकने हे होऊ शकतं, पण क्लिंडामायसिन, सेफालोस्पोरिन गटातली औषधं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचं कूळ यांच्यानंतर जास्त. आपल्याकडे सर्दी-खोकल्यालाही सर्रास दिलं जाणारं सेफिक्झिम हे सेफालोस्पोरिनच. वय ६५ च्या वर, नुकतंच रुग्णालयात राहून आलेलं, पित्त कमी करणाऱ्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असलेलं माणूस असेल तर धोका आणखी वाढतो. आणि तो औषध संपल्यावर संपत नाही. पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त, पण तीन महिन्यांपर्यंतही राहतो.

साध्या जुलाबापासून हा ओळखायचा कसा? घरी खात्रीने ओळखता येत नाही, पण संशय घेता येतो. साधा जुलाब औषध थांबलं की ओसरायला लागतो. सी-डिफचा वाढत जातो. ताप येतो, पोट दुखून दाबल्यावर कळ जाते, वास नेहमीपेक्षा उग्र येतो, रात्री झोपेतून उठून जावं लागतं. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होत राहिलं आणि अँटिबायोटिक थांबवून दोन दिवस झाले तरी कमी होईना, तर शौचाची तपासणी करायची. नमुना ताजा आणि पातळ हवा, घट्ट शौचावर ही चाचणी करत नाहीत. तपासणीला देताना "अँटिबायोटिकनंतरचा जुलाब" असं चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण नेहमीच्या शौच-तपासणीत हे पाहिलं जात नाही. उपचार आहेत: मूळ औषध बंद करता आलं तर बंद, आणि तोंडाने व्हँकोमायसिन दिवसातून चार वेळा, दहा दिवस. पाचातल्या एकाला हा आजार परत होतो, म्हणून बरं वाटल्यावरही डॉक्टरांना दाखवत राहायचं.

हा जिवाणू बीजाणू, म्हणजे टणक कवचाचे सुप्त कण, करून बसतो आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरने ते मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. घरात कुणाला सी-डिफ असेल तर संडासची कडी, नळ, बादलीचा कान ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा. कोविडनंतर सॅनिटायझरवरचा विश्वास फार वाढला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

लोपेरमाइड मी सासूबाईंना देणार नाही. ते आतड्याची हालचाल थांबवतं. आत विष तयार होत असेल तर ते तिथेच कोंडून राहतं. ताप किंवा रक्त असताना तर हातही लावू नका.

आता पोटाला काय द्यायचं. या बाबतीत गोव्यातल्या घरांना फार काही शिकवावं लागत नाही. उकड्या तांदळाची पेज मिठाची चिमूट टाकून, दर दोन-तीन तासांनी वाटीभर. पेज हे नुसतं हलकं अन्न नाही. तांदळाचा स्टार्च पचून त्याची साखर होते आणि आतड्यातली साखर मिठाला बरोबर घेऊन रक्तात शिरते, त्यांच्या मागोमाग पाणी जातं. ओआरएस याच तत्त्वावर चालतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून प्यायला दिलं आणि हजारो जीव वाचवले. आपल्या आज्या पेजेतून तेच करत होत्या. पेज मात्र पातळ हवी आणि मीठ विसरायचं नाही. तोंडाला चव नसेल तर बरोबर लोणच्याचा लहानसा तुकडा चालेल, सुकी सुंगटं (कोळंबी) आणि तिखट हुमण (माशांची आमटी) चार दिवस थांबू द्या.

दर पातळ शौचानंतर पेलाभर ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर मोजून एक लिटरच पाणी घ्या. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट, चमच्याने अंदाजे, असं करू नका. घट्ट झालेलं ओआरएस जुलाब वाढवतं. फळांच्या रसाच्या खोक्यांत मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मागे घटक वाचा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं.

शहाळ्याबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. आमच्याकडे शहाळ्याला सगळ्या सलाइनच्या वर बसवलं जातं. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं. जुलाबात जातं ते मुख्यतः सोडियम. दिवसातून एक शहाळं आनंदाने द्या, पण ओआरएसऐवजी नको. आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांच्यापैकी असेल तर तीही शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. त्यात मूत्रपिंड नाजूक असेल तर दिवसभर शहाळ्यांवर ठेवणं धोक्याचं.

रक्तदाबाच्या गोळीचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करते, कारण वयस्कर माणसांचं खरं नुकसान इथे होतं. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना लघवी वाढवणारी गोळी किंवा वर सांगितलेल्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर रक्तदाब खाली येतो, उठताना तोल जातो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचंही तसंच. आपल्या मनाने बंद करू नका, पण नेहमीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, "जुलाब चालू आहेत, ही गोळी दोन दिवस थांबवायची का?" घरी यंत्र असेल तर बसून आणि उभं राहून दोन्ही वेळा रक्तदाब मोजून सांगा. नुसत्या "अशक्तपणा आहे" या वाक्यापेक्षा त्या दोन आकड्यांतून मला खूप जास्त कळतं.

दही द्या. दुपारच्या भाताबरोबर वाटीभर ताजं, आंबट नसलेलं. त्याने जुलाब थांबतीलच असा पक्का पुरावा नाही, पण नुकसान नाही आणि पोटात अन्न जातं. ताकही चांगलं. दूध मात्र काही दिवस कमी करा. आतड्याच्या आतल्या पेशी दुखावल्या की दुधातली साखर पचवणारं विकर तात्पुरतं कमी होतं आणि दूध घेतलं की पोट गुरगुरतं. सोलकढीत नारळाचं दूध असतं, मळमळ थांबेपर्यंत ती नको, हवं तर आमसुलाचं साधं पाणी मीठ घालून. पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, मऊ मूगभात हे सगळं चालेल. उपाशी ठेवू नका.

प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आता अँटिबायोटिकच्या चिठ्ठीत जोडीला असतातच. त्या सगळ्या एकसारख्या नसतात. चांगला पुरावा आहे तो सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टचा आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या जिवाणूचा, विशेषतः मुलांमध्ये. हे यीस्ट फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांनी १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालीवरून मिळवलं. ते यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. जिवाणू असलेली कॅप्सूल मात्र अँटिबायोटिकपासून दोन तास लांब ठेवायची, नाहीतर पोटात जाताच मेली. उपयोग व्हायचा असेल तर ती पहिल्या दोन दिवसांतच सुरू करावी लागते, जुलाब लागल्यावर घेतली तर फायदा कमी. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एका लहान अभ्यासात दाखवलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. म्हणून मी त्या सरसकट लिहीत नाही. पूर्वी अँटिबायोटिकने पोट बिघडलेलं असेल, किंवा आठवडाभराचा कोर्स असेल तर देते. केमोथेरपी चालू असलेल्यांना आणि गळ्याच्या मोठ्या शिरेत नळी असलेल्यांना यीस्टची कॅप्सूल अजिबात नको, ते यीस्ट रक्तात जाऊ शकतं.

कोर्स अर्धवट सोडण्याचा प्रश्न. "गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्याच" हे आम्ही डॉक्टरांनीच लोकांच्या मनावर बिंबवलं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी या नियमावरच प्रश्न उभा केला: गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानेच आपल्या अंगावरचे बाकीचे जिवाणू त्या औषधाला सरावतात. न्युमोनियासारख्या आजारातही आता पाच दिवस पुरतात असं दिसलं आहे. क्षयरोगाचं मात्र पूर्ण वेगळं, तिथे एक दिवसही चुकवायचा नाही. मग सासूबाईंनी काय करावं? मनाने सोडू नये आणि मनाने रेटूही नये. दाढ काढल्यावर पू निघून गेला असेल, सूज उतरली असेल, ताप नसेल तर तीन दिवस पुष्कळदा पुरतात, आणि हे दंतवैद्य फोनवरच सांगू शकतात. उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात जपून ठेवू नका. चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, कुणाचा तरी घसा दुखतो आणि तो डबा उघडतो. पाकिटामागे उभी लाल रेघ दिसते ना, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये याचीच खूण आहे.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर? अर्ध्या तासाच्या आत झाली, किंवा गोळी उलटीत दिसली, तर पुन्हा एक द्या. तासाभरानंतर झाली तर देऊ नका.

आणखी दोन गोष्टी लक्षात असू द्या. तोंडात पांढरे डाग, गिळताना आग, किंवा खाली खाज आणि पांढरं जाणं ही बुरशी आहे, तीही जिवाणू कमी झाल्याचाच परिणाम, औषधाने लवकर बरी होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटने क्वचित यकृताला सूज येते, वयस्कर माणसांत जास्त, आणि ती गोळ्या संपून काही आठवडे झाल्यावरही दिसू शकते. अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे झाले तर गावठी काविळीच्या औषधाकडे वळण्याआधी रक्त तपासा आणि या गोळीचं नाव सांगा. हे कोर्स संपल्यावर घडतं म्हणूनच त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

आतडं परत कधी पूर्ववत होतं, असं मला नेहमी विचारतात. शौच आठवड्या-दोन आठवड्यांत नेहमीसारखं होतं. जिवाणूंना वेळ लागतो. बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन तीव्र अँटिबायोटिक देऊन पाहिलेल्या एका अभ्यासात दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परतले, पण नेहमी आढळणाऱ्या नऊ जाती सहा महिन्यांनीही दिसल्या नाहीत. परत येणाऱ्यांना खायला चोथा लागतो. जुलाब थांबला की हळूहळू नाचणीचं तिजण, वाल, अळसांदे, लाल माठ, फणसाची भाजी ताटात येऊ द्या.

सासूबाईंसाठी पुढचे तीन दिवस असे ठेवा. एक कागद घ्या, त्यावर किती वेळा शौचाला गेल्या, पातळ की पाण्यासारखं, लघवी किती वेळा झाली, ओआरएस किती पेले गेलं, हे लिहा. दिवसातून चार-पाच वेळा लघवी होत असेल आणि जीभ ओली असेल तर घाबरायचं कारण नाही. शौचात रक्त किंवा पुष्कळ आव, ताप, पोट फुगणं, सहापेक्षा जास्त वेळा पाण्यासारखं होणं, पाणीही न टिकणं, सात-आठ तास लघवी न होणं, उठताना गरगरणं किंवा बोलण्यात गोंधळ यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. जवळचं रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. गोळी थांबवून दोन दिवस झाले आणि जुलाब तसाच राहिला, तर डॉक्टरांकडे जाऊन शौच तपासून घ्या.

आणि त्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर गोळीचं नाव, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, आणि "तिसऱ्या दिवशी जुलाब" एवढं लिहून ठेवा. पुढचे तीन महिने त्यांचं पोट कुठल्याही कारणाने बिघडलं, तर समोरच्या डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, ते पान आधी त्यांच्यासमोर ठेवा.